दोन्ही गालांना एकच

माझं नाव रंजना. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं, पण गावचं मला विचाराल तर फारसं आठवत नाही, चार वर्षांची होते तेव्हा बाबांनी आम्हाला इथे आणलं, भाईंदर पूर्वेला, तेव्हा इकडे मिठागरं होती आणि स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. बाबा त्या कारखान्यात बफिंगला होते. बफिंग म्हणजे काय, तर भांडं फिरत्या चाकावर धरायचं आणि घासून घासून चमकवायचं, त्याची काळी पूड उडते, ती सगळी तोंडावर बसते. संध्याकाळी बाबा घरी यायचे तेव्हा नुसते डोळे पांढरे दिसायचे. मग मोरीत बसून तोंड धुवायचे, आणि आम्हा पोरांना हसवायला काय करायचे, आधी अर्धंच तोंड धुवायचे. अर्धं बाबांचं आणि अर्धं काळं कुणाचंतरी, आणि तसेच आमच्याकडे वळून बघायचे. माझे भाऊ खदाखदा हसायचे, मी मात्र आईच्या मागे जाऊन लपायचे. मला वाटायचं बाबा एकीकडून आलेत आणि दुसरीकडून दुसराच कोणी आलाय. काय सांगू तुम्हाला, एवढी वर्षं झाली, अजून ते तोंड डोळ्यांसमोर येतं.

बाबा एक सांगायचे, चमक बघून भांडं घेऊ नये. पातळ पत्रा असो नाहीतर जाड, चाकावर धरला की दोन्ही आरशासारखेच दिसतात. भांडं बोटाने वाजवून बघायचं, मग कळतं. मी हे माझ्या धंद्यात आणायला गेले तर जमेना. माणसाचं तोंड काय वाजवून बघता येतं?

धंदा म्हणजे पार्लर. लग्नानंतर कोर्स केला, आधी घरीच आयब्रो-बिब्रो करायचे, मग इथे इंद्रलोक भागात, बिल्डिंगच्या तळमजल्याला हा गाळा घेतला, तुम्ही आत्ता बसलाय तोच. नवरीचा मेकअप माझा चांगला म्हणून नाव झालं. सामान सगळं साधं, स्टेशनसमोरच्या होलसेलवाल्याकडचं. तो विचारायचा, भाभी, इम्पोर्टेडवाला दिखाऊं क्या, मी म्हणायचे, भैया, हाथ मेरा इम्पोर्टेड है. तोरा होता मला, नाही कशाला म्हणू? आजही आहे थोडा.

आणि मग कुंदा वहिनी. वरच्या दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, गिरगावातून इकडे आलेल्या, मिस्टर त्यांचे ऑफिसातून रिटायर झालेले, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, आणि एक मुलगी, प्राची. वहिनी रंगाने सावळ्या. आता सावळ्या म्हणजे छान सावळ्या, पण सासरी पहिल्या दिवसापासून काळी म्हणून ऐकलेलं, लग्नाच्या फोटोत त्यांना पांढरी पावडर थापलेली, मान वेगळी आणि तोंड वेगळं. तो फोटो त्यांनी कधी भिंतीवर लावला नाही. त्यांची बहीण परदेशात, तिने एकदा फाउंडेशनची बाटली आणली. जाड काचेची, दुधी रंगाची, सोनेरी झाकण, हातात घेतली की वजन लागायचं. वहिनी खाली आल्या, म्हणाल्या, लाव गं रंजना, बघूया. मी लावलं. त्यांनी आरशात बघितलं, गालावरून मानेपर्यंत बोट फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, पन्नाशी उलटली आणि आज पहिल्यांदा मी माझ्याच रंगाची दिसतेय.

खरं ते खरं, मला जरा झोंबलं. पण बाटलीत दम होता, हे मी तेव्हाच मनात म्हटलं. आमच्या स्वस्तातल्या सामानात रंग किती असतात, तर गोरा, जास्त गोरा आणि फारच गोरा. सावळ्या बाईचा रंग कोणी बनवतच नव्हतं, आत्ता आत्ता बनवायला लागलेत. वहिनींनी ती बाटली माझ्याकडेच ठेवली, घरी ठेवली तर प्राची संपवेल म्हणून. म्हणाल्या, सणावारी येईन, तू लाव, पण ही माझी हां, दुसऱ्या कोणाला लावायची नाही. मी म्हटलं, वहिनी, तुमची शपथ.

शपथ मोडली तारोडी गावच्या नवरीवर. लग्न तिकडेच, मी पहाटेच्या रिक्षाने सामान घेऊन गेले. पोरगी सावळी, तेजदार, वहिनींच्याच रंगाची. मी माझा बेस लावला आणि तोंड राखेसारखं झालं. पुसलं, परत लावलं, परत राख. पोरगी रडायला लागली. तिची आई दारात उभी, म्हणाली, बाय, माझी पोर काय भूत हाय का? अशी मांडवात न्हाय न्यायची मी हिला. आणि पेटीत वहिनींची बाटली होती. आली कशी विचाराल तर मीच घातली होती, खोटं कशाला बोलू. लावली. पोरगी अशी उजळली की तिच्या आईने माझीच दृष्ट काढली.

एकदा हात लागला की मग काय. ही नवरी, ती नवरी, तीन-चार लग्नांत बाटली तळाला गेली, आणि समोर गौरी-गणपती. वहिनी येणार. मग मी बसले. तळाशी उरलेला थेंब नमुना म्हणून मनगटावर लावला आणि त्याच्या शेजारी माझ्या डब्यातलं मिसळून बघायला लागले, पॅनकेक म्हणतात ती मेकअपची पिवळी वडी थोडी, नाटकवाल्यांची तपकिरी कांडी खरवडून, दोन थेंब तेल. आठवडा गेला, हात घासून घासून लाल झाला. आणि एका दुपारी जमलं. असं जमलं की मनगटावर कुठला पट्टा कुठला, माझं मलाच कळेना. बाटली भरली, झाकण लावलं. वहिनी आल्या, लावलं, आरशात बघून म्हणाल्या, महाग ते उगाच महाग नसतं गं. मी हो म्हटलं. त्यांचं ते सुख बघून बरं वाटत होतं, आणि आतून चीडही येत होती, की बाई, हा रंग बाटलीचा नाही, माझ्या हाताचा आहे. सांगता येत नव्हतं. अशी दोन वर्षं गेली. बाटली संपली की मी भरायचे. ही एवढी पुरते कशी, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

मग ती संक्रांत. पार्लरमध्येच हळदीकुंकू ठेवलेलं, बिल्डिंगच्या सगळ्या बायका. प्राची मोबाईलवर काहीतरी बघत म्हणाली, आई, हे बघ, स्वस्तातलं आणि महागातलं सेम असतं, नाव विकतात नुसतं. वहिनी उसळल्या. म्हणाल्या, रंजना, ये इकडे, माझ्या डाव्या गालाला माझी बाटली लाव आणि उजव्या गालाला तुझा डबा, या सगळ्या सांगतील. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी काय करणार? डाव्या गालाला बाटलीतलं लावलं. उजव्या गालाला डब्यातलं. आणि डब्यात काय होतं, बाटलीसाठी कालवलेलं तेच, आदल्या दिवशी जास्त झालं म्हणून डब्यात काढून ठेवलेलं. दोन्ही गालांना एकच, अहो, एकच.

वहिनी आरशासमोर गेल्या. म्हणाल्या, हा डावा बघ, हा जिवंत वाटतो, आणि हा उजवा मेल्यासारखा. शेजारची गुजराती भाभी म्हणाली, हां हां, लेफ्टवाला एकदम नॅचरल है. सगळ्या म्हणाल्या डावा, एकेक करत सगळ्या. प्राचीसुद्धा वाकून बघून म्हणाली, हां यार, फरक आहे. मी मागे तिळगुळाचं ताट घेऊन उभी, आरशात बघतेय, मला कुठे फरक दिसत नव्हता, आणि मग त्या सगळ्या बोलत राहिल्या तसा, काय सांगू, मलाही दिसायला लागला. डावा गाल उजळ. उजवा राखाडी. मला एकदम बाबा आठवले, मोरीत बसलेले, अर्धं तोंड धुतलेले. हातातलं ताट टेकवलं तिथेच. तेव्हा हसून सांगून टाकलं असतं तर गंमत झाली असती. नाही सांगितलं.

वहिनींना आजार निघाला त्याच पावसाळ्यात. हॉस्पिटल, मग घर, परत हॉस्पिटल. शेवटी डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा. मी रोज दुपारी वर जाऊन बसायचे. अंग पार वाळलेलं, रंग गेलेला. एक दिवस म्हणाल्या, रंजना, मी सवाष्ण जाणार, हिरवी साडी, वेणी, मळवट, ते सगळं बायका करतील. तोंड मात्र तू कर. माझी बाटली आहे ना अजून? मी म्हटलं, आहे. म्हणाल्या, त्याच बाटलीतलं लाव, मला राखेच्या रंगाची पाठवू नकोस, येताना तशी आले होते या घरात, जाताना नको. वचन दे. मी हातात हात दिला. खोलीत आम्ही दोघीच होतो. तेव्हाही सांगता आलं असतं. मी त्यांचा हात चोळत बसले.

गेल्या त्या झोपेतच. सकाळी आठला प्राची खाली आली, दारात उभी राहून नुसती म्हणाली, मावशी, बाटली घेऊन या. मी आयुष्यात पाचशे नवऱ्या सजवल्या असतील, पण मेलेल्या माणसाला हात लावला नव्हता. वहिनींना आंघोळ घालून, हिरवी साडी नेसवून हॉलमध्ये ठेवलेलं. बायका म्हणत होत्या भाग्याची गं, अहेव गेली. मी गुडघे टेकून बसले, स्पंजवर बाटलीतलं घेतलं. तुम्हाला सांगते, जिवंत कातडी क्रीम ओढून घेते, तिला ऊब असते. तिथे ते नुसतं वर बसतं, भिंतीला रंग लावल्यासारखं. डावा गाल केला, छान बसला. उजवा केला. मागे होऊन बघितलं, तर डावा गाल अगदी वहिनींचा, सावळा, तुकतुकीत, आता बोलतील असा. आणि उजवा राख.

एकच बाटली, एकच स्पंज, एकच हात. मी उजवा पुसला, परत लावला. परत राख. दोन हात दिले, तीन हात दिले. खिडकी डावीकडे होती हे मला माहीत आहे. त्या उजव्या कुशीवर झोपल्या होत्या, रक्त त्या बाजूला उतरतं, असं नंतर एका नर्सबाईने मला समजावलं. सगळं मान्य. पण मी त्या वेळी बघितलं तेव्हा मला वाटलं वहिनी एका बाजूने झोपल्यात आणि दुसऱ्या बाजूने माझ्याकडे बघतायत. शेवटी वेणी उजवीकडे ओढून घेतली, पदर वर घेतला, जमेल तेवढं झाकलं.

भाऊ आले. मळवट भरला, बोट थबकलं. वाकून बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, ही बाजू तिच्या बाटलीची ना? आणि ही तुझ्या डब्याची. बाटली संपली का गं? संक्रांतीचं तिने मला सांगितलं होतं, लगेच कळतं म्हणायची. मी मान हलवली. हो की नाही, काय हलवली, मलाच माहीत नाही. दर्शनाला आलेली सगळी माणसं डाव्या बाजूनेच उभी राहात होती, कोणी सांगितलं नव्हतं. उजवीकडे जागा मोकळी होती.

दहाव्याला प्राचीने मला मुद्दाम नेलं, खाडीच्या काठी. पिंड ठेवले. समोरच्या भिंतीवर सात-आठ कावळे, पण एक खाली येईना. भाऊ म्हणाले, मी गोळ्या वेळेवर घेईन. येईना. प्राची रडत म्हणाली, आई, मी बाबांना सोडून कुठे जाणार नाही. येईना. वहिनींच्या बहिणीने फोनवरून बोलून बघितलं, तेही केलं. अर्धा तास झाला, भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून घेऊ, चालतं. आणि एक कावळा, तुम्ही हसाल, तो भिंतीवर मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. मी मनातल्या मनात म्हटलं, वहिनी, चुकले. तो हलला नाही. हात जोडून परत म्हटलं, मनातच. नाही. भटजींनी दर्भ हातात घेतला. बोलले तर प्राची गेली, भाऊ गेले, इंद्रलोकमध्ये तोंड दाखवायला जागा नाही, धंदा विश्वासावर चालतो, कोण बाई माझ्यापुढे डोळे मिटून बसेल? आणि नाही बोलले तर वहिनी अशाच राहणार, अर्ध्या.

मी मोठ्याने बोलले. सगळ्यांसमोर. म्हटलं, वहिनी, तुमची बाटली मी दुसऱ्या नवरीमुलींना लावली, संपवली, दोन वर्षं तुम्हाला माझ्या डब्यातलंच लावत होते, संक्रांतीला दोन्ही गालांना एकच होतं, आणि शेवटच्या दिवशीही दोन्हीकडे एकच. तुमचा रंग मी हाताने जमवला होता. शेवटचं वाक्य पुरतं झालंच नाही तोवर कावळा पिंडावर. भटजी मागाहून म्हणाले, ओहोटी लागली की ते चिखलात उतरतातच. असेल. पण खरं सांगते, ते शेवटचं वाक्य मी वहिनींसाठी बोलले नाही. तेवढ्या वेळातही मला वाटत होतं की लोकांना कळू दे, हात माझा होता. त्याची मला अजून लाज वाटते.

भाऊंनी मला रागावलं नाही. म्हणाले, तिला आवडलं होतं ना, मग झालं. बाटली प्राचीकडे द्यायला गेले तर म्हणाली, ठेवा तुमच्याकडेच, मावशी. पुढे तिचं लग्न झालं, मेकअपला दुसरी बाई होती. मी हॉलमध्ये मागच्या खुर्चीत बसून जेवून आले. नवरी छान दिसत होती, पण मान वेगळी आणि तोंड वेगळं. एवढं वाईट वाटलं मला, उठून जावं आणि पुसून टाकावं असं वाटलं, पण उठले नाही.

धंदा थोडा पडला, मग परत उभा राहिला. आता सगळं सामान टेबलावर मांडते, नाव वाचता येईल असं, स्वस्त ते स्वस्त म्हणून आणि महाग ते महाग म्हणून. मुली विचारतात, काकू, खरंच फरक असतो का? मी सांगते, असतो, टिकण्यात असतो, रंग जास्त मिळतात, उन्हात घाम आला की कळतो. फोटोत फारसा नसतो. आणि बाकीचा फरक कुठे असतो ते मला विचारू नका, तुमच्या आईला विचारा, ती तुम्हाला लहानपणी काय म्हणायची ते आठवा. मुली हसतात. त्यांना वाटतं काकूंचं काहीतरी.

एवढंच होतं सांगायचं. नाही, एक राहिलं. वहिनींचं तेरावं झालं त्या सकाळपासून माझंही तसंच झालंय. मी रोज तोंडाला थोडं लावते, धंदाच तो, बिनमेकअपची पार्लरवाली कोणाला चालेल? एकच डबा, एकच स्पंज. डावा गाल बरा दिसतो आणि उजवा राख. स्पंज बदलला. ट्यूबलाइट बदलली. आरसा या भिंतीवरून त्या भिंतीवर लावला, हा बघा, भिंतीला खिळ्याची भोकं आहेत तिकडे. काही फरक नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, मला दोन्ही सारखेच दिसतात, तुझं डोकं फिरलंय. दुधी बाटली अजून आहे त्या कपाटात, रिकामी, धुऊन ठेवलेली, टाकवत नाही. माझ्या लेकीला सांगून ठेवलंय, मी गेले की नुसतं कुंकू लाव, दुसरं काही लावू नको.

तुम्ही एवढ्या लांबून आलात, शांतपणे ऐकलंत, बरं वाटलं बाई. सुखी राहा, लेकीसुनांना त्यांच्या रंगाचं काही बोलू नका, एवढं लिहा तुमच्या लेखात. आणि एक विचारू का? आल्यापासून तुम्ही माझ्या तोंडाकडे बघताय, मघाशी खुर्चीसुद्धा थोडी सरकवून घेतलीत, डावीकडे. आज दोन्ही गालांना एकच लावलंय, देवाशपथ. तुम्हाला कुठला बरा दिसतो?

नको. राहू दे, सांगू नका.